आकाशात दिसलेले आणि शिवारात पडलेले

आकाशात एखादी वस्तू दिसते आणि पाहणाऱ्याला ती ओळखता येत नाही, एवढ्यावर तिची गणना ‘अनोळखी’त होते. तीच वस्तू दुसऱ्या गावातल्या माहीतगार माणसाला ओळखीची असू शकते. म्हणून अशा प्रसंगांचा तपास मुख्यतः पाहणाऱ्यांच्या नोंदींचा तपास असतो. वेळ, दिशा, उंची आणि किती वेळ दिसले या चार गोष्टी नोंदल्या गेल्या असतील, तर बहुतेक प्रकरणांचा उलगडा घरबसल्या होतो. त्या नसतील तर प्रकरण कायमचे अनोळखी राहते. त्यात गूढ असतेच असे नाही, पुष्कळदा कागदच कोरा असतो.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातील सावदा हे या विषयाच्या दृष्टीने सोयीचे ठिकाण आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीचा सपाट पट्टा. क्षितिज मोकळे, गावाबाहेर अंधार चांगला. शिवाय इथे रात्री आकाशाखाली जागी असणारी माणसे शहरापेक्षा जास्त. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की केळीला पाणी द्यायला शेतात जावेच लागते. भुसावळ-खंडवा लोहमार्ग गावाजवळून जातो, त्यावर रात्रपाळीचे लोक असतात. आकाशात काही वेगळे घडले तर ते पाहणारा इथे कोणी ना कोणी असतोच. त्याने पाहिलेले पुढे कुठे पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

या परिसरातली जुनी नोंद पावणेदोनशे वर्षांहून जास्त जुनी आहे. २९ जून १८४३ रोजी एदलाबाद परगण्यातल्या माणेगाव येथे आकाशातून दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. माणेगाव सावद्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. दगडाचे तुकडे कोलकात्याला गेले आणि हेन्री पिडिंग्टन यांनी त्यांचे परीक्षण करून ते १८४४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव देणारे पिडिंग्टन ते हेच. माणेगावचा दगड पुढे ‘डायोजेनाइट’ या दुर्मिळ वर्गात गेला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून असे दगड सुटून येतात, असे आज मानले जाते. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाने वेस्टाची जवळून पाहणी केल्यावर या मताला बळकटी आली. खानदेशातल्या एका शिवारात वेस्टाचा तुकडा पडला हे १८४३ मध्ये कोणालाच कळणे शक्य नव्हते. पण गाव, परगणा, तारीख आणि दगडाचा नमुना जपला गेला, म्हणून दीड शतकानंतरही त्याची ओळख पक्की करता आली. १८७७ मध्ये धुळ्याजवळ भागूर येथे पडलेल्या अशनीचीही जागतिक यादीत नोंद आहे. त्या काळात आकाशात नुसते दिसून गेलेले अग्निगोल किती असतील याची मात्र गणती नाही. जे पडले ते नोंदले गेले, जे दिसले ते विरून गेले. दुर्दैवाने ही रीत आजही बदललेली नाही.

अलीकडचे मोठे उदाहरण २ एप्रिल २०२२ चे. त्या दिवशी गुढीपाडवा होता, शनिवार. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास खानदेश, विदर्भ, मराठवाडा आणि पलीकडे मध्य प्रदेशातला निमाड अशा विस्तीर्ण पट्ट्यात लोकांनी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारी जळती रेघ पाहिली. ती एक नव्हती; पुढे तेजस्वी ठिपके, मागे लांब शेपट्या, आणि सगळे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर. सणामुळे माणसे घराबाहेर होती, हातात मोबाइल होते. काही मिनिटांत चित्रफिती गावोगाव फिरल्या आणि त्यांच्याबरोबर अंदाजही फिरले: उल्कावर्षाव, कोसळणारे विमान, क्षेपणास्त्र, उडती तबकडी.

या अंदाजांपैकी उल्कावर्षावाचा अंदाज सर्वांत सोपा वाटला, पण तो घड्याळानेच बाद होत होता. उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच, फार तर काही सेकंदांत, संपते. पृथ्वीभोवती फिरणारा मानवनिर्मित तुकडा खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि तो तिरप्या, जवळजवळ आडव्या मार्गाने येतो. म्हणून तो सावकाश सरकताना दिसतो, मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो आणि वाटेत फुटून तुकड्यांची रांग तयार करतो. पाडव्याच्या संध्याकाळच्या चित्रफितींत हे सगळे स्पष्ट होते. ‘किती वेळ दिसले’ या एका प्रश्नाच्या उत्तराने नैसर्गिक आणि मानवनिर्मित यांतला निवाडा होत होता.

रात्रीच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली. लाडबोरी गावाच्या शिवारात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. पुढच्या दिवसांत त्याच भागात धातूचे पोकळ गोळेही मिळाले. पोलीस आणि महसूल खाते पोहोचले, वस्तू ताब्यात घेतल्या गेल्या, आणि नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली. आधी संशय न्यूझीलंडमधून त्याच दिवशी सुटलेल्या इलेक्ट्रॉन अग्निबाणावर गेला, कारण प्रक्षेपणाची वेळ जुळत होती. पण हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदी तपासून सांगितले की हा चीनच्या लाँग मार्च-३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटला होता, वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि त्याच सुमारास वातावरणात शिरण्याच्या बेतात होता. कडे आणि गोळे या खुलाशाशी जुळत होते. अग्निबाणाच्या टाक्यांमध्ये दाब राखण्यासाठी वायू साठवणारे गोळे टायटॅनियमसारख्या, १६०० अंश सेल्सियसच्या पुढे वितळणाऱ्या धातूचे किंवा कार्बन तंतूंनी गुंडाळलेले असतात. बाकीचा सांगाडा जळून जातो, हे उरतात. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातमधल्या आणंद परिसरात असेच गोळे पडले.

सावद्याच्या बाजूने पाडव्याच्या घटनेकडे पाहिले की एक मोठी फसगत उलगडते. सावदा ते सिंदेवाही हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. अग्निबाणाच्या वेगाने ते मिनिटभराचे. जळणारी वस्तू ८० किलोमीटर उंचीवर असेल तर ४०० किलोमीटरवरून ती क्षितिजावर जेमतेम दहा अंश दिसते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी वर. इतक्या खाली दिसणारी आणि पुढे झाडांमागे गेलेली वस्तू पाहणाऱ्याला पलीकडच्या शिवारात पडली असेच वाटते. यात पाहणाऱ्याचा दोष नाही. आकार माहीत नसलेल्या वस्तूचे अंतर रात्रीच्या आकाशात डोळ्यांना ठरवताच येत नाही. त्यामुळे ‘हाकेच्या अंतरावर पडले’ हे वाक्य साक्षीत आले की तपास करणाऱ्याने ते प्रामाणिक पण निरुपयोगी मानावे, आणि त्याऐवजी ‘कोणत्या खांबाच्या, कोणत्या झाडाच्या शेंड्याच्या वर दिसले’ असे विचारावे.

तपासाची पद्धत इथूनच सुरू होते. साक्षीदाराला तो उभा होता त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा उभे करायचे. वस्तू प्रथम कुठे दिसली आणि कुठे नाहीशी झाली हे हाताने दाखवायला सांगायचे, दिशा होकायंत्राने किंवा मोबाइलने मोजायची, उंची मुठींनी. एक मूठ सुमारे दहा अंश, करंगळीची रुंदी एक अंश. पूर्ण चंद्र अर्ध्याच अंशाचा असतो, त्यामुळे ‘चंद्राएवढे मोठे होते’ या विधानाची परीक्षाही करंगळीने होते. सावदा, यावल आणि मुक्ताईनगर अशा दूरदूरच्या तीन ठिकाणांहून अशी मापे मिळाली, तर दिशांच्या रेषा नकाशावर छेदून वस्तूची उंची आणि मार्ग काढता येतो. गुजरातमधल्या ढजाला येथे २८ जानेवारी १९७६ रोजी अशनींचा वर्षाव झाला, तेव्हा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्याचाही उपयोग केला. आवाज ऐकू आला असेल तर दिसणे आणि ऐकू येणे यांतले सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. पन्नास-साठ किलोमीटरवर फुटलेल्या अग्निगोलाचा गडगडाट तीनेक मिनिटांनी पोहोचतो, तोपर्यंत बहुतेक लोक घरात गेलेले असतात आणि दोन्ही घटनांचा संबंध जोडत नाहीत.

मोबाइलच्या चित्रफिती हा आजचा मुख्य पुरावा, आणि त्यातच सर्वांत जास्त फसवणूक कॅमेरा करतो. फोकस हुकला की शुक्रासारखा ठिपका पडद्यावर मोठी तबकडी होतो, कधी कडेला दात असलेली, कारण भिंगाच्या झडपेचा आकार त्यावर उमटतो. झूम केले की हाताची थरथर वस्तूची ‘वेडीवाकडी चाल’ बनते. उजळ दिव्याचे भिंगात पडलेले प्रतिबिंब आकाशात तरंगताना दिसते. म्हणून मूळ फाइल हवी. गटागटांतून पुढे पाठवलेल्या चित्रफितीत वेळ-ठिकाणाची माहिती पुसलेली असते, चित्राची प्रतही घसरते. चौकटीत घराचे छप्पर किंवा विजेचा खांब आलेली दहा सेकंदांची चित्रफीत, काळ्या आकाशातल्या ठिपक्याच्या पाच मिनिटांपेक्षा अधिक उपयोगाची.

खानदेशाच्या आकाशात वारंवार विचारल्या जाणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला न लुकलुकणारा शुक्र. क्षितिजालगत लाल-हिरवा चमचमणारा व्याध किंवा ब्रह्महृदय. मे २०१९ पासून सुटू लागलेल्या स्टारलिंक उपग्रहांची माळ, जी प्रक्षेपणानंतरच्या काही दिवसांत सूर्यास्तानंतर किंवा पहाटे रेल्वेच्या डब्यांसारखी ओळीने जाताना दिसते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडते. त्याचा दिवा लुकलुकत नाही आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच वाटेतच विझतो. हवामान खात्याचे फुगे नागपूर, मुंबई अशा केंद्रांतून पहाटे आणि संध्याकाळी सुटतात, तीसेक किलोमीटर उंचीवर फुटतात आणि खाली आलेला यंत्राचा पांढरा डबा एखाद्या शेतात सापडतो. डब्याची चौकशी पोलीस ठाण्यापर्यंत जाते, तिथे त्यावरचा मजकूर वाचला जातो आणि प्रकरण संपते.

फुग्यांमधला दुसरा प्रकार जास्त मोठा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादमधले केंद्र हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत संशोधनाचे प्लास्टिकचे प्रचंड फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर पाठवते. सूर्य मावळल्यावर खाली अंधार झाला तरी त्या उंचीवर ऊन असते, त्यामुळे फुगा बराच वेळ तेजस्वी आणि स्थिर दिसतो. उपकरणे मोठ्या रंगीत हवाई छत्रीने खाली येतात. ही संस्था मोहिमेपूर्वी मराठवाडा-विदर्भातल्या जिल्हा प्रशासनांना कळवते, वर्तमानपत्रांतून निवेदन देते, उपकरणे उघडू नयेत आणि जवळच्या पोलिसांना किंवा टपाल कार्यालयाला खबर द्यावी असे सांगते. आकाशातल्या वस्तूंविषयी सामान्य माणसाला आधीच सूचना देण्याची पद्धत आपल्याकडे नाही असे म्हणता येत नाही. ती एका संस्थेने अनेक वर्षे चालवली आहे.

ड्रोनचा प्रश्न वेगळा, कारण त्यात भीती मिसळते. २०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग आणि मराठवाड्यातली अनेक गावे रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी हैराण झाली. चोर पाहणी करून जातात अशी वदंता पसरली आणि गावकरी रात्ररात्र जागत राहिले. काही दिवे खरोखर ड्रोनचे असू शकतात. ते वापरण्यासाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत आणि तपास पोलिसांचाच आहे. परंतु अशा रात्री एकदा आकाशाकडे भीतीने पाहिले की प्रत्येक तारा संशयित ठरतो. साधी कसोटी अशी: संशयित दिवा विजेच्या तारेच्या किंवा छपराच्या कडेच्या रेषेत धरून दहा मिनिटे पाहावा. तारा किंवा ग्रह तेवढ्यात अडीच अंशांपर्यंत सरकतो आणि शेजारचे तारेही त्याच्याबरोबर सरकतात. बहुतेक ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपते. तासन्‌तास एकाच जागी असलेला दिवा ड्रोनचा असण्याची शक्यता फार कमी.

लष्कराचीही या चुकीतून सुटका नसते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमधल्या जवानांनी सीमेपलीकडून येणाऱ्या प्रकाशमान वस्तू ३२९ वेळा पाहिल्याची नोंद केली. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळा आणि दिशा ताडून पाहिल्या. त्या वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या. या प्रकरणाची थट्टा पुष्कळ झाली, ती अन्यायाची होती. जवानांनी तारीख, वेळ आणि दिशा लिहून ठेवली होती, म्हणूनच खुलासा शक्य झाला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्यावर विमानसेवा सुमारे तीन तास थांबली, हवाई दलाने राफेल विमाने शोधाला पाठवली, पण काही हाती लागले नाही. तिथे नोंद होती, यंत्रणाही होती, तरी प्रकरण उघडेच राहिले. असेही होते.

जगभरच्या तपासांचा अनुभव याहून फार निराळा नाही. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने पर्वतरांगेजवळ वेगवान वस्तू पाहिल्या आणि ‘उडत्या तबकड्या’ वर्तमानपत्रांत अवतरल्या. अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ प्रकरणे गोळा झाली, त्यांतली ७०१ अनोळखी राहिली. फ्रान्सने १९७७ मध्ये हे काम थेट आपल्या अंतराळ संस्थेकडे दिले. तिथला विभाग प्रकरणे चार गटांत लावतो: खुलासा झालेली, बहुधा झालेली, माहितीअभावी अडलेली, आणि माहिती पुरेशी असूनही न उलगडलेली. चौथा गट शंभरात तीनेकांचा, तिसरा त्याच्या कितीतरी पट मोठा. या विभागणीचे मोल मोठे आहे. कोरा कागद आणि खरे कोडे ती वेगळे ठेवते. अशा वस्तूंवरच्या अमेरिकेच्या २०२१ च्या अहवालात १४४ प्रकरणांपैकी एकाचाच, हवा गेलेल्या फुग्याचा, पक्का खुलासा झाला होता; बाकीची अडली ती मुख्यतः माहिती अपुरी असल्यामुळे. तिथल्या संरक्षण खात्याच्या, याच कामासाठीच्या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये जुन्या कागदपत्रांचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा त्यात आढळला नाही.

भारतात दिसलेल्या वस्तूंची नागरिकांकडून नोंद घेणारे असे कार्यालय नाही. पडलेल्या वस्तूंची वाट मात्र आखलेली आहे. गावात काही पडले की पोलीस पाटील ठाण्याला कळवतो, ठाण्यात डायरीत नोंद होते, तलाठी आणि तहसील कार्यालयाला खबर जाते, पंचनामा होतो. सावद्याच्या बाबतीत ही साखळी सावदा पोलीस ठाणे, रावेर तहसील, फैजपूरचे प्रांत कार्यालय आणि जळगावचे जिल्हाधिकारी अशी. दगड असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, अग्निबाणाचा भाग असेल तर इस्रो. अवकाशातून पडलेल्या वस्तूंबाबत १९६८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशात वस्तू सापडली त्याने प्रक्षेपण करणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे असते. १९७२ च्या करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची संपूर्ण जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशाची. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा भरपाई म्हणून ३० लाख कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेले घुमटाकार टाके भारताच्याच पीएसएलव्ही अग्निबाणाचे निघाले, म्हणजे हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. इस्रोने जुलै २०२२ मध्ये बंगळूरमध्ये अवकाशातल्या वस्तूंवर लक्ष ठेवणारे केंद्रही सुरू केले आहे. सिंदेवाहीच्या पंचनाम्यातून कडे सुरक्षित राहिले, पण ते कोणत्या मार्गाने आले हे सांगणाऱ्या हजारो साक्षी खानदेशापासून विदर्भापर्यंत विखुरलेल्या होत्या आणि त्या एकत्र करण्याचे काम कोणाचेच नव्हते.

ही पोकळी हौशी मंडळींनी काही अंशी भरली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून काम करते. जळगावात विद्यापीठ आहे, सावदा-फैजपूर परिसरात महाविद्यालये आहेत. भूगोल किंवा भौतिकशास्त्र विभागाने एक साधी वही ठेवली आणि तालुक्यातल्या पोलीस पाटलांना एक पानी नमुना दिला, तरी पुरेल: तारीख, घड्याळातली वेळ मिनिटासह, पाहणारा उभा होता ती जागा, दिसण्याची आणि नाहीशी होण्याची दिशा व उंची मुठींत, किती सेकंद, आवाज, ढग, सोबत आणखी कोण. खर्च जवळजवळ शून्य.

तोपर्यंत सावद्याच्या शिवारात कोणाला काही दिसले तर त्याने आधी घड्याळ पाहावे, मग मोबाइल काढावा, आणि खांब किंवा झाड चौकटीत घेऊन चित्रण करावे. मूळ फाइल पुसू नये. काही पडलेले सापडले तर हात लावू नये, जनावरे आणि मुले दूर ठेवावीत, कारण अग्निबाणाच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो, आणि ११२ क्रमांकावर कळवावे.